रुमालाखालचं बोट

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, पाळकसाहेबांनाही नाही. देवाला तरी नीट सांगितलंय का? गुडघे टेकून सुरुवात करतो आणि मधेच पोरीच्या लग्नाकडं, आईच्या खोकल्याकडं वळतो. तुम्ही ऐका — अडखळलो तरी ऐका.

मी हेडी आहे, म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. लोहा, मुखेड, नायगाव — आठवड्याचे वार मी बाजारांवरून ओळखतो. बाप लवकर गेला. दुसऱ्यांची जनावरं हाकत हाकत मी ह्या धंद्यात शिरलो आणि कुणाच्या मेहेरबानीशिवाय उभा राहिलो. बायको म्हणते, हे मी जरा जास्तच वेळा सांगतो. डोकं लवकर तापतं, तेही म्हणते. दोन्ही खरं.

आमच्यात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून बोलायचं. भोवती कितीही माणसं उभी असोत, कुणाला काही कळत नाही. मधलं बोट दुमडून समोरच्याच्या तळव्याला टोचलं, की त्याचा अर्थ — ह्या जनावरात पडू नको. का, ते विचारायचं नाही. आज तू माझं ऐक, उद्या मी तुझं ऐकीन.

हे बोट मी एकदा चर्चच्या अंगणात वापरलं.

थांबा, आधी कापणीचा सण सांगतो. त्या रविवारी आमच्या मंडळीत ज्यानं त्यानं आपल्या हातचं वेदीपुढं आणून ठेवायचं असतं — ज्वारीची कणसं, तूर, भोपळा, पाय बांधलेला कोंबडा. ज्याला शेत नाही, तो हातानं केलेलं काही आणतो. उपासना झाली की अंगणात त्याची हर्रासी होते. लोक बोली लावतात, एकमेकांना चढवतात, हसतात. आणि आमच्या जुन्या माणसांच्या मनात एक गोष्ट पक्की आहे — शास्त्रात तशी कुठं लिहिलेली नाही, पण पक्की आहे — की ज्याच्या वस्तूला मनापासून बोली आली, त्याचं अर्पण देवाला पसंत पडलं.

मी शाळेत होतो तेव्हा हर्रासी योहान मास्तर करायचे. शाळेतले मास्तर, मंडळीचे पंच, खणखणीत आवाज. एका वर्षी माझी आई अंबाडीची जुडी घेऊन आली. दुसरं काही नव्हतंच घरात. मास्तरांनी जुडी वर धरली आणि म्हणाले, “ही घेणाऱ्याचे दात मजबूत पाहिजेत हां!” सगळं अंगण हसलं. आईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. मी नाही हसलो. जुडी पुढं कुणी घेतली, ते मला आठवत नाही. हसणं आठवतं — कोण कोण हसलं, कुठं उभं राहून हसलं.

मोठेपणी मी आईला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “निबरच होती रं ती. बांधावरची. मास्तर काय खोटं बोलले?” जिचा अपमान झाला तिनं तो घरीसुद्धा नेला नव्हता. मी मात्र तो वर्षानुवर्षं पोसला, चांगल्या खोंडासारखा.

मास्तरांचा आवाज बसला, तेव्हा हर्रासीला माझं नाव कुणी सुचवलं? मास्तरांनीच. “शमुवेलचा आवाज बाजारात घडलाय, त्यालाच द्या.” लोकांना ते कौतुक वाटलं. मला वाटलं, भीती वाटते म्हाताऱ्याला माझी.

मग मास्तरांची बायको वारली. दुखण्यात पडल्या पडल्या तिनं सणासाठी एक वाकळ शिवली होती — जुन्या लुगड्यांची गोधडी, बारीक टाक्यांची, कडेला लाल पट्टी. सणाच्या दिवशी मास्तरांनी ती दोन्ही हातांवर घेऊन वेदीपुढं ठेवली. मी पाहत होतो. मला वाकळ दिसलीच नाही. मला अंबाडी दिसली.

उपासनेनंतर अंगणात सलाम करायला सगळे हात मिळवतात. आमच्या मंडळीत माझ्याच धंद्यातले तिघं आहेत. बोली नेहमी त्यांच्यापासून सुरू होते, बाकीचे मागून येतात. तिघांचे हात हातात घेतले आणि मधलं बोट टोचलं. “वाकळ,” एवढंच हळू म्हणालो. त्यांना वाटलं असेल, मलाच हवी आहे. एकानं तर डोळा मिचकावला.

कोंबड्याला मी बोलीच्या तीन फेऱ्या मारल्या. भोपळ्यावर विनोद केले. वाकळ चिमटीत धरली, पुकारा केला, आणि कुणाला श्वास घ्यायला वेळ न देता दुसऱ्या वस्तूकडं वळलो. एकही बोली आली नाही. मेलेल्या बाईचं शेवटचं काम — कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मास्तर पुढं आले, त्यांनी वाकळेची घडी नीट घातली, काखेत धरली आणि फाटकातून बाहेर गेले.

मला कसं वाटलं, विचारा ना. गोड वाटलं. त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

पुढच्या प्रभुभोजनाला, वेदीपुढं भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, मास्तर जागेवरून उठले नाहीत. लोक म्हणाले, गुडघे धरलेत. त्याच्या पुढच्या वेळीही बसूनच. मग एकदा लोह्याच्या बसस्टँडवर मला गाठून चहाच्या टपरीवर घेऊन गेले. कप तसाच हातात धरून म्हणाले, “शमुवेल, तुला मालाची पारख हाय. खरं सांग. वाकळ खराब होती का?”

“न्हाई, मास्तर. लई चांगली होती.”

“मग माणूस खराब असंल,” ते म्हणाले. “तिचं तर काही वाईट न्हवतं. माझ्या हातानं दिली, म्हणून देवानं परत केली. ते कळंपर्यंत मी भाकरीला हात कसा लावू?”

सांगायला किती शब्द लागले असते? “मीच केलं, मास्तर.” मी म्हणालो, “असं काही नसतं, मास्तर, देव दयाळू आहे.” आणि बस लागली म्हणून उठलो. बस लागली नव्हती.

का नाही सांगितलं? त्या वर्षी मला पंच करायचं चाललं होतं, हे एक. त्यांनी समजून घेतलं असतं, माफही केलं असतं, हे दुसरं — आणि ती माफी मला नको होती. मास्तरांकडून घ्यायची म्हणजे परत अंबाडीच.

मी देवाशी सौदा करायला बसलो. चर्चवर नवे पत्रे घातले. माईकचा संच आणला. शुक्रवारचे उपास धरले. प्रत्येक वेळी मनात रुमाल टाकायचो — हे घे, आणि ते सोड. बाजारात समोरच्याचं बोट हलतं. हो की नाही, वर की खाली, काहीतरी कळतं. इथं मी एकटाच दाबत राहिलो. समोर हात होता की नाही, कुणास ठाऊक. मंडळीत माझी वाहवा झाली. पत्र्यांवर पाऊस पडला की पाळकसाहेब वर बोट दाखवून माझं नाव घेत.

मास्तर अंथरुणाला खिळले. पाळकसाहेब त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन गेले. सोबत पंच लागतो, म्हणून मी. पेला माझ्या हातात होता. मास्तरांनी पेल्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. “अजून न्हाई, साहेब. त्याचं उत्तर आलं न्हाई.” पाळकसाहेबांनी खूप समजावलं. कृपा फुकट असते, विकत घ्यावी लागत नाही — सगळं बरोबर सांगितलं. मी पेला धरून उभा. उत्तर त्या खोलीतच उभं होतं, मास्तरांच्या पायाशी, पांढरा सदरा घालून.

प्रार्थना करायला मला सांगितलं. मी केली. चांगली झाली म्हणतात. त्याच आठवड्यात मास्तर गेले.

ह्या सणाला त्यांची मुलगी रूथ लातूरहून आली. वाकळ माझ्या हातात देत म्हणाली, “पप्पांनी सांगून ठेवलं होतं, दादा. आणखी एकदा लावा. घेतली कुणी, तर मम्मीचं पोचलं म्हणायचं.”

हर्रासीत वाकळ मी दोन्ही हातांनी वर धरली. सगळी मंडळी समोर. माईक माझाच. आता सांगावं — ओठांपर्यंत आलं होतं, खोटं नाही बोलत. आणि माझ्या तोंडून काय निघालं? बोली. मीच लावली, एवढी मोठी की पुढं कुणी बोललं नाही. टाळ्या पडल्या. कुणीतरी “प्रभूची स्तुती असो” म्हणालं. रूथनं रडत रडत माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “दादा, तुमच्यामुळं पप्पांना शांती मिळाली.”

ते आभार मी घेतले. हात सोडवलेसुद्धा नाहीत.

वाकळ आई पांघरते. परवा कडेवरून बोट फिरवत म्हणाली, “टाके बघ रं कसे बारीक हायेत. कुणाच्या हातचे?”

“मास्तरच्या मालकिणीचे,” म्हणालो.

“लई भला माणूस. त्या वर्षी माझी अंबाडी त्यांनीच घेतली, ठावं हाय का तुला? कुणी घेईना म्हणून. आणि दुसऱ्या दिशी मला सांगाय आले — भाजी बरी झाली म्हणून.”

ती झोपली. योहान मास्तर प्रभुभोजन न घेता गेले. ते माझ्यामुळं.