आखाजीची जागा

लोणारच्या तळ्यातला खार माझी आई पायांनी शोधायची. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की गुडघाभर चिखलात तळव्यांनी चाचपडत जायची आणि खडा लागला की वाकून उपसायची. तो खार पापडाला, साबणाला लागायचा, खेडोपाडी विकला जायचा. वडील गेल्यावर आमची चूल त्यावरच पेटत होती. खारानं तिच्या टाचांना बोट शिरेल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी जी बाई तळ्यात जिथं पाय ठेवील, ती जागा पाऊस लागेपर्यंत तिची. ना कागद, ना शिक्का. भांडणं मात्र पोटभर.

त्या वर्षी तेव्हाच्या नागपूरच्या सरकारकडून एका कंपनीनं तळ्याचा ठेका घेतला. आल्या आल्या काठावर दवाखाना काढला, तोही फुकट. काय कौतुक झालं त्याचं! कंपाउंडरनं बायांच्या पायांना मलम लावलं, पट्ट्या बांधल्या आणि बजावलं, महिनाभर पाय खारात घालायचे नाहीत.

"पन आखाजी आली ना बाप्पा," आई म्हणाली.

"तळं काय पळून चाललं, मावशी?"

आई लाजून हसली. तिचे पाय आजवर कुणी हातात घेतले नव्हते. आखाजीला ती उठून निघाली, तर मीच पदर धरला. "नको जाऊ वं माय, जखम चिघळंल." ती बसली. साऱ्याजणी घरीच बसल्या.

पट्ट्या सुटल्यावर गेल्या, तर काठाला तारेचं कुंपण. कंपनीचा मुकादम, आमच्याच गावचा, आत उभा. म्हणाला, "आखाजीले कोनी आलंच नाही. रिवाज तुमचाच हाय ना? मंग जागा कंपनीची."

कंपाउंडरला हे ठाऊक होतं का, मला आजही माहीत नाही. मलम मात्र खरं होतं. त्याचाच मला जास्त राग येतो.

आई निंदायला जाऊ लागली. पिकात कुठं पाय टाकावा हे तिला कधी उमगलं नाही. रोपं तुडवते म्हणून दोन शेतांतून परत पाठवली. दर आखाजीला मात्र ती तारेपाशी जाऊन उभी राहायची.

एकदा तिचे पाय चेपताना मी मूर्खासारखी बोलून गेले, "पाय कसे बरे झाले ना, माय!"

"हाव," ती म्हणाली. "आता या पायाईचं काय करू, सांग."