ठिपका नसलेला माणूस

नडीन टॉलबर्टला कामावर आल्या आल्या कॉफी लागायची आणि काम सुरू झालं की साबण. केन फोर्क गावच्या शेरीफच्या, म्हणजे पोलीसप्रमुखाच्या कचेरीत मागच्या अंगाला एक काचेची खिडकी होती, तिच्यामागे ती बसायची. त्या खिडकीपुढे जी माणसं येत, त्यांची तोंडं सकाळी सकाळी पाहू नयेत अशीच होती. कुणी पोरांना हात लावलेला, कुणी बाईवर जबरदस्ती केलेला. शिक्षा भोगून सुटले तरी कायद्याने त्यांना ठराविक महिन्यांनी येऊन नोंद करावीच लागे. राहतोस कुठे, काम कुठे, गाडी कुठली, अंगावर नवं गोंदण काढलंयस का. मग फोटो, मग बोटांचे ठसे. ठसे घ्यायचे म्हणजे ती बोटं हातात धरायची, आणि इतकी वर्षं होऊनही नडीनला त्याची सवय म्हणून झाली नव्हती. त्यांच्यासाठी साखळीला बांधलेलं वेगळं पेन होतं. स्वतःचं पेन ती चुकूनही खिडकीच्या त्या बाजूला जाऊ देत नसे.

ही नोंदणी सुरू झाली तेव्हा कचेरीतले सगळे धडधाकट शिपाई छताकडे बघायला लागले होते. नडीन तेव्हा मदतीसाठी आलेले फोन घ्यायची. नवरा ब्यूफर्ड सूतगिरणीत फुप्फुसं खराब करून नुकताच गेला होता, घरात बोलायला कुणी नव्हतं. ती म्हणाली, द्या मला. ह्या लोकांवर कुणीतरी डोळा ठेवायलाच हवा ना, मग मीच ठेवते. आणि तिने ठेवला. गावात त्यांतला कोण कुठल्या गल्लीत राहतो हे तिला तोंडपाठ होतं.

पण किळस कशाची यायची, ठाऊक आहे? त्या गोडबोलेपणाची. व्हर्नन गॅस्किन्स नावाचा एक म्हातारा होता, केस चापूनचोपून बसवलेले, अंगाला कसल्यातरी स्वस्त अत्तराचा वास. तो दरवेळी खिडकीवर कोपर टेकून म्हणायचा, "मिस नडीन, फोटो जरा बरा काढा हो, मागच्या खेपेला मी फारच वाईट दिसलो." जसा काही लग्नाचा फोटो! त्याने काय केलं होतं ते नडीनने वाचलेलं होतं. ती नुसतं म्हणायची, रेषेवर उभा राहा.

हे सगळं पुढे लोकांसाठी खुलं व्हायचं. संगणकावर नाव टाका, नाहीतर आपला पत्ता टाका, की नकाशा उघडतो आणि तुमच्या घराभोवती लाल ठिपके दिसतात. ठिपक्यावर बोट ठेवलं की फोटो, पत्ता, गुन्हा. कल्पना चांगलीच होती, नडीन त्याबद्दल वाद घालत नसे. पण गावाने त्याचा तमाशा करून टाकला होता. रविवारी जेवणं झाली की उकडलेल्या शेंगा चघळत बाया फोनवर ठिपके बघत बसायच्या आणि कोण किती म्हातारा झालाय यावर खिदळायच्या. यूला बॅब नावाच्या म्हातारीने मागची खोली एका माणसाला भाड्याने दिली होती. तो निघून गेला, ठिपका महिनाभर तिथेच राहिला, तेवढ्यात कुणीतरी तिच्या खिडक्या फोडल्या. फोडणारे म्हणे मुलांच्या काळजीने आले होते. नडीन काचा झाडायला गेली, आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या बघ्यांकडे पाहून तिला खिडकीपुढच्या माणसांइतकीच शिसारी आली.

आणि या सगळ्याहून वाईट गोष्ट निराळीच होती. ज्याचा ठिपका नाही तो गावाला धुतल्या तांदळासारखा वाटायला लागला होता.

वेंडेल स्पायर्सचा ठिपका नव्हता. वेंडेल चर्चचा मानकरी. बसायला खुर्च्या मांडायचा, म्हाताऱ्यांना घरी सोडायचा, शर्टाच्या खिशात सदैव पेपरमिंटच्या गोळ्या. पोरं त्याला मिस्टर वेंडेल, मिस्टर वेंडेल करत चिकटायची. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसरीतल्या एका पोरीला त्याच्यापायी शेरीफ कचेरीत आणून बसवलं होतं. नडीनने तिच्या हातात बिस्किटं ठेवली होती, ती पोरीने खाल्ली नाहीत, नुसती मुठीत चुरगाळून त्यांचा भुगा केला. पोरीला कोर्टात उभं करायला आईबाप तयार होईनात. सरकारी वकिलाला खटला हरायचा नव्हता. वेंडेलच्या वकिलाने मग सौदा केला, गुन्हा कबूल, पण नुसत्या मारहाणीचा. सौद्याप्रमाणे तुरुंग नाही, आणि मारहाणीला नोंदणीही नाही. पोरीचं कुटुंब गाव सोडून गेलं. वेंडेल पुढच्याच रविवारी चर्चमध्ये खुर्च्या मांडायला हजर!

ऑक्टोबर संपत आला की केन फोर्कला हॅलोविनचं वारं सुटायचं. पूर्वी पोरं भुताखेतांचे वेष करून दारोदार खाऊ मागत फिरायची. आता आया आधी नकाशा उघडून कुठली दारं टाळायची ते ठरवत. त्यातही धोका नको म्हणून चर्चने आपल्या आवारातच सगळं ठेवलं होतं. लोकांनी गाड्या ओळीने लावायच्या, डिक्क्या सजवायच्या, पोरांनी डिक्की डिक्की फिरून खाऊ घ्यायचा. जो जो गाडी लावणार त्याचं नाव चर्चची सेक्रेटरी यादीत शोधायची आणि काही सापडलं नाही की त्याला छातीवर लावायला एक हिरवी फीत द्यायची. त्याच संध्याकाळी देखरेखीखालच्या सगळ्या ठिपकेवाल्यांना शेरीफ काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सभागृहात बोलावून बसवून ठेवायचा. हजेरी घेऊन त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम नडीनचं. म्हणजे गाव निर्धास्त.

त्या आठवड्यात केंड्रा सग्ज खिडकीशी आली. पंचविशीतली पोर, एकटी, कोंबड्यांच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला. तिची मुलगी जोसी पहिलीत होती. केंड्रा खुशीत होती. मिस्टर वेंडेलने जोसीला आपल्या पिकअपवर खाऊ वाटायला मदतनीस म्हणून घेतलं होतं आणि सगळं आटोपल्यावर तोच तिला घरी सोडणार होता, केंड्राची पाळी सुटेपर्यंत सोबतही करणार होता. पाळणाघराची कटकट वाचली. मी आधी नाव शोधलं बरं का, ती म्हणाली, काहीच आलं नाही. तरी म्हटलं मिस नडीनना एकदा विचारावं.

आत शेरीफच्या खोलीचं दार उघडं होतं. तिने आवाज खाली आणला नाही.

"केंड्रा, त्याच्याजवळ पोरीला सोडू नकोस. त्याने एका लहान पोरीचं आयुष्य नासवलंय. मी होते इथे तेव्हा."

केंड्राचा चेहरा उतरला, मग तिच्या कपाळावर आठी चढली. "मग तो यादीत का नाही?"

नडीनने सौदा समजावून सांगितला. वकील, मारहाण, कबुली. सांगता सांगताच तिला कळलं की हे केंड्राच्या डोक्यात शिरत नाहीये. केंड्रा म्हणाली की मारहाणीत तर तिचा बापही दोनदा आत गेलाय. कुणी खरंच तसलं काही केलं असतं तर सरकारने त्याचा फोटो टाकलाच असता की, यादी आहे कशाला मग? ती रागावली नव्हती, तिला नडीनची कीवच आली असावी. इतकी वर्षं ह्या लोकांत बसून म्हातारीला सगळीकडे तेच दिसायला लागलंय, असं काहीतरी तिच्या नजरेत होतं.

ती गेली आणि चर्चच्या सेक्रेटरीला सांगून मोकळी झाली. सेक्रेटरीने शेरीफला फोन केला. शेरीफ ड्वेन पोस्टन माणूस वाईट नव्हता, पण त्याला दर चार वर्षांनी निवडून यायचं होतं आणि त्या चर्चमध्ये मतं भरपूर होती. त्याने नडीनला आत बोलावून दार लावून घेतलं.

"नडीन, तुझ्या तोंडून जे निघतं ते काउंटीच्या तोंडून निघतं. जे यादीत नाही ते तू बोलायचं नाही. वेंडेलने अब्रूनुकसानीचा दावा ठोकला तर मी तुला वाचवू शकणार नाही."

"आणि पोरीला कोण वाचवणार?"

शेरीफने टोपी उचलून पुन्हा टेबलावर ठेवली. सगळं चर्चच्या उजेडात, शंभर माणसांत होणार आहे, तो म्हणाला. आणि त्या संध्याकाळी तू सभागृह सोडून कुठे गेलीस तर परत कामावर येऊ नकोस. पेन्शनला थोडीच वर्षं राहिलीत, जरा विचार कर.

नडीनने विचार केला. खोटं कशाला सांगा, घरी येऊन तिने बसून हिशेबाने विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट कामावर गेली. स्वतःचीही किळस येते माणसाला कधी कधी.

हॅलोविनच्या संध्याकाळी ठिपकेवाले लोखंडी खुर्च्यांवर ओळीने बसले होते. दाराशी ब्रँटली नावाचा जाडा शिपाई फोनमध्ये डोकं घालून. नडीन नाव वाचत होती आणि ते हजर, मॅडम, हजर, मॅडम करत होते. तो अत्तराचा, घामाचा, शिळ्या सिगारेटचा वास खोलीत कोंडून राहिला होता. व्हर्ननचं नाव आलं तेव्हा तो उठून उभाच राहिला आणि इकडेतिकडे मान वळवून कुणाला तरी शोधल्यासारखं करू लागला.

"काय हवंय?" नडीनने विचारलं.

"नाही, म्हटलं वेंडेल दिसत नाही तो? त्याला पकडलं होतं तेव्हा काउंटीच्या कोठडीत माझ्याच शेजारी होता की तो. आमच्यात काही फरक नव्हता, मिस नडीन. वकिलात होता."

दोघंतिघं फिसकन हसले. त्या हसण्यात कसलीतरी घाणेरडी जवळीक होती, आपल्यातल्याच एकाने बाजी मारली म्हणून झालेला आनंद होता. नडीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे ही सगळी गावाची विष्ठा तिने नीट मोजून कुलपात ठेवली होती, आणि त्यांच्यातलाच एक चर्चच्या आवारात हिरवी फीत लावून गोळ्या वाटत होता. तिने हजेरीचा कागद ब्रँटलीच्या मांडीवर टाकला. तो फोनमधून मान वर काढेपर्यंत ती बाहेर होती.

चर्चच्या आवारात भोपळे, दिवे, मक्याच्या ताटांच्या पेंढ्या, गरम सॉसेजचा वास. वेंडेलचा पिकअप शेवटच्या टोकाला, झाडाखाली. मागच्या हौद्यात गवताच्या गासड्या टाकून त्याने बैठक केली होती, आणि तिच्यावर जोसी मधमाशीचे पंख लावून बसली होती. वेंडेल शेजारीच, पोरीच्या टोपीवरच्या मधमाशीच्या मिशा सरळ करत होता. नडीन काही न बोलता हौद्यावर चढली, गुडघे कुरकुरले, आणि ती दोघांच्या बरोबर मधे जाऊन बसली. तिथून ती हलली नाही.

लोक बघत होते. कुणीतरी विचारलंही, मिस नडीन, आज सभागृहात नाही? मग तिकडे त्यांच्यावर लक्ष कुणाचंय? एका बाईने घाबरून आपली पोरं गाडीत घातली आणि जाता जाता नडीनला चार शब्द सुनावले. खिशात फोन सारखा थरथरत होता, शेरीफचाच असणार. वेंडेलने एक पेपरमिंटची गोळी पुढे केली. ती तिने घेतली नाही. मग तो हसऱ्या चेहऱ्याने, ओठही फारसे न हलवता हळूच बोलला.

"माझं नाव शोध ना, नडीन. शोध की. सगळ्यांसमोर मोठ्याने वाच."

तिने जोसीला आणखी आपल्या अंगाशी ओढून घेतलं. शेवटच्या पोराची पिशवी भरली, दिवे उतरवायला सुरुवात झाली, तेव्हा ती जोसीचा हात धरून उतरली. वेंडेल म्हणाला की पोरीच्या आईने तिला त्याच्या ताब्यात दिलंय. नडीन म्हणाली, मग बोलाव पोलिसांना. त्याने बोलावलं नाही.

गाडीत जोसी पंख मांडीवर घेऊन हिरमुसून बसली होती. कारखान्याच्या फाटकाशी जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला आणि केंड्रा रबरी बूट आणि जाळीची टोपी न उतरवताच धावत आली. तिला कुणीतरी आधीच फोन केला होता. ती नडीनवर तोंड सोडणार, तेवढ्यात जोसीनेच रडायला सुरुवात केली.

"मिस्टर वेंडेल आता रागावतील. मी सगळे गेल्यावर थांबणार होते. ते मला घरी एक गंमत दाखवणार होते. ती आईला सांगायची नव्हती, मी शपथ घेतली होती."

केंड्रा तिथेच वाकून पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने हातमोजा दातांनी ओढून काढला, एप्रनखालून फोन काढला, आणि ओल्या अंगठ्याने एकेक अक्षर दाबत ते नाव पुन्हा टाकलं. वाट पाहिली. मग पुन्हा टाकलं, या वेळी आडनाव आधी. फोनचा पांढरा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता आणि तिचे डोळे भरून आले होते.

"पण मिस नडीन," तिने फोन नडीनपुढे धरला, "इथे तर काहीच येत नाहीये."