मेंदूतला कंडक्टर

भिंगरी एका जागी बसेल तर शपथ! लहानपणी तिने घरातलं घड्याळ खोललं, आणि मोठी झाल्यावर बाईसाहेब थेट माणसाच्या मेंदूत डोकावायला निघाल्या. पोटातलं बाळ दाखवते तीच सोनोग्राफी, पण ही लावायची उघड्या मेंदूवर. बोट हललं की मेंदूतल्या त्याच्या जागेकडे रक्त धावतं. ते पडद्यावर दाखवायचं, हा तिचा उद्योग.

आणि गेल्या ऑपरेशनला दिसलं काय? मिट्ट काळोख!

"बाई, यंत्र झोपलंय की रुसलंय?" मोठे डॉक्टर म्हणाले.

आता पाळी होती शिंपीकाकांची. मेंदूतली गाठ नेमकी उजव्या हाताच्या जागेला खेटून. ती जागा दिसली नाही, तर सुरी चालवायची कुठवर? अन् बोटं गेल्यावर शिंप्याचं उरलं काय!

बसमधून घरी जाताना भिंगरीच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. खड्डा आला की सगळी डोकी एकदम उडत. त्या गर्दीत कंडक्टर तेवढा मुंगीच्या पावलांनी आपल्या वाटेने सरकत होता.

"सापडला!" ती ओरडली.

"अहो ताई, मी हरवलो कधी होतो?" कंडक्टर दचकला.

झालं होतं असं. हृदयाच्या ठोक्यासरशी मेंदू डुलतो. तो गोंधळ नको म्हणून भिंगरीने हळू हलणारं सगळंच चित्रातून पुसलं होतं. पण बारीक नसांतलं रक्तही हळूच चालतं की! सुक्याबरोबर ओलंही जळालं. आता तिने वेग बघणंच सोडलं. सगळ्यांबरोबर उडतो तो मेंदू, तो वगळायचा. आपल्या वाटेने जातं ते रक्त, ते ठेवायचं. वर सोनोग्राफीच्या आवाजाच्या लाटाही निरनिराळ्या कोनांतून सोडून सगळ्या चित्रांची बेरीज केली. एकाची कुजबुज विरते, पण दहाजण कुजबुजले तर भिंतीलाही ऐकू जातं.

ऑपरेशनच्या दिवशी, बोटं हलवून दाखवता यावीत म्हणून, काका टेबलावर जागेच होते.

"काका, अंगठ्याला बोट लावा."

"सुईत दोरा ओव, असं म्हण ना पोरी!"

बोटं जुळली आणि पडद्यावर ठिपका उजळला. थांबली, तो विझला. पुन्हा जुळली, पुन्हा उजळला! मोठ्या डॉक्टरांनी सुरी बोटभर अलीकडे घेतली. "इथे कोणी हात लावायचा नाही," म्हणाले, आणि गाठ तेवढी अलगद काढली.

काही दिवसांनी डॉक्टर काकांना बघायला आले, तर कोटाचं बटण लोंबतंय. काकांनी सुई मागितली, पहिल्या फटक्यात दोरा ओवला आणि अंगावरच्या कोटालाच बटण टाचायला घेतलं. डॉक्टर वाकून बघू लागले.

"हलू नका डॉक्टर," काका म्हणाले, "आज सुई माझ्या हातात आहे."