नारळाचा मान

माझ्या माहेरी, सांगलीकडे, जत्रेचा नारळ देवीच्या पायरीवर फोडत. सासरी, खंडाळ्याजवळच्या आमच्या गावात, तो पैलवानाच्या डोक्यावर फोडायचे. मान म्हणून! लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत तो मान आमच्या ह्यांना मिळाला आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. आवाज मात्र ऐकू आलाच. मागोमाग शिट्ट्या, आरोळ्या. त्याच दुपारी ह्यांनी कुस्तीही मारली, मग काय विचारता, गाव खूश.

तालमीत तरी वेगळं काय चालायचं? वस्ताद पोरांना समोरासमोर उभं करून एडक्यांसारख्या टकरा घ्यायला लावत. नांगर धरून हाताला घट्टे पडतात तसे डोक्यालाही पडतात, असं त्यांचं म्हणणं. कुणाला भोवळ आली की थंडाई पाजायची आणि परत मातीत उतरवायचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे त्या तालमीत होते.

इंग्रज सरकारची मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. हे मुळात इतके मवाळ की बैलावर कधी चाबूक उगारला नाही. पण एकदा भाकरी वाढायला उशीर झाला म्हणून ताट भिंतीवर भिरकावलं, आणि थोड्या वेळानं मलाच विचारलं, "आज भाकरी न्हाई केली व्हय?" उन्हात त्यांना डोळे उघडवत नसत. स्वतःच्या मळ्याकडे निघालेला माणूस बांधावर थांबून राही, पुढची वाट आठवत नसे. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, डोक्याला मार बसतोय, त्यानंच झालंय ह्ये." त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. पारावरची टवाळ मंडळी म्हणायची, पैलवानाचं डोकं गुडघ्यात. मेल्यांनो, वरचं डोकं फोडलं कुणी?

पुढच्या जत्रेत नारळ फुटला आणि हे डोलायला लागले. डोळे फिरले, तोंडातून लाळ आली. वस्ताद ओरडले, "आली! देवी आली अंगात!" झालं, बायका पायांवर लोळण घेऊ लागल्या. एकीनं लढाईवर गेलेला लेक कवा येईल म्हणून विचारलं. हे पुटपुटत होते, "घरला न्या... मला घरला न्या." मी अगदी जवळ होते, स्पष्ट ऐकलं. वस्तादांनीही ऐकलं. पण बोलतेय ती देवी, तिला देवळात जायचंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं आणि कानाशी ढोल बडवत टेकडीवर नेलं. "आवं, त्येस्नी घरला यायचं हाय!" म्हणून ओरडत मी मागे धावले. कोण ऐकतंय? देवळात ह्यांना भडाभडा उलटी झाली, तर म्हणे नैवेद्यात काहीतरी चुकलं असेल. आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना माझे हात शिवशिवतात.

त्यानंतर हे आखाड्यात उतरले नाहीत. धोतर नेसायलाही मी लागायची. मला ते कधी ताई म्हणत, कधी परक्या बाईसारखं बघत. मी विचारायची, "मी कोन हाय?" तर उत्तर शोधताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. मग मी विचारणंच सोडलं.

तरी जत्रा आली तसे वस्ताद नारळ घेऊन दारात हजर.

"सूनबाई, यंदा कुस्ती नगं. निस्ता मान घेऊ द्या पैलवानाला. अंगात येतंय त्येच्या, लोक लय लांबनं येत्यात."

त्यांचा आवाज ऐकून हे आतून आले, वस्तादांच्या पायाशी बसले आणि डोकं खाली घातलं. बायको विसरली होती, तेवढं मात्र बरोबर आठवलं. माझ्या अंगाची आग आग झाली. मी दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाले, "येवढा मोठा मान हाय, तर तुमच्याच डोक्यावर फोडा की!"

वस्ताद हसले. लहान पोरीची समजूत घालावी तसे म्हणाले, "असं कसं सूनबाई? मला तालीम चालवायची हाय. माझं डोकं ठिकाणावर नगं व्हय?"

म्हणजे माहीत होतं त्याला. पहिल्या नारळापासून माहीत होतं.