आईनं केलेलं बाळंतपण आणि आमच्या दारातले दोन शहाणे

अजून आठवलं तरी माझं डोकं सणकतं. १९८६, नेरूळ, तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर... एकाच रविवारी माझ्या आईवर दोनदा खटला चालला. सकाळी सोसायटीचा, संध्याकाळी चर्चचा.

गुन्हा काय? तर आई वरच्या मजल्यावरच्या रेखाचं बाळंतपण करत होती.

रेखा विशीतली पोर, रत्नागिरीकडची. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेलं, त्यामुळे माहेरचं दार बंद आणि सासूही फिरकेना. नवरा सुरेश बेलापूर रोडच्या एका कंपनीत शिफ्टला. बाळ अगदीच अशक्त, अंगावरचं दूध पुरेना, आणि ही बाळाला उचलायलाही घाबरायची.

आई शाळेत शिवण शिकवायची. रोज शाळेच्या आधी स्टोव्हवर पाणी तापवायची, बादली वर न्यायची, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची. रविवारी रेखालाही तेल लावून शेक द्यायची.

जवळच्या सारसोळे कोळीवाड्यातून मासे घेऊन एक मावशी यायची. मुशीच्या कालवणानं दूध वाढतं, हे तिनंच सांगितलं. आम्ही नगरकडचे ख्रिश्चन, आईला मासा धड कापताही यायचा नाही. मावशी आमच्या मोरीत बसून ओरडायची, "लसून भरपूर घाल गो, बालंतीन हाय ती!"

तर त्या रविवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. आधी चहा घेतला... हो, चहा चालला! मग म्हणाले, "वहिनी, बिल्डिंगमधे लोक बोलतात. तुमच्या लोकांचं आधी सेवा, मग बाप्तिस्मा. सोसायटीला टेन्शन नको. मी सुरेशलाही सांगून ठेवलंय."

लोक बोलतात! बिल्डिंगमधे चोवीस बिऱ्हाडं. त्यातलं कुणी त्या पोरीकडे तांब्याभर गरम पाणी घेऊन गेलं होतं का? मी चौदा वर्षांची होते, पण त्या माणसाच्या हातातली कपबशी हिसकावून घ्यावीशी वाटली मला.

संध्याकाळी चर्चच्या कमिटीतले एक काका आले. मला बरं वाटलं, निदान हे तरी आईच्या बाजूनं बोलतील... कसलं काय! आई चार रविवार वाशीच्या उपासनेला आली नाही, म्हणून ते विचारायला आले होते. कारण सांगितल्यावर म्हणाले, "ते ठीक आहे. पण तिला येशूबद्दल काही सांगितलंत का? निदान एखादी पत्रिका दिलीत? नाही? मग बाई, उपयोग काय?"

म्हणजे एकाची तक्रार, धर्मात ओढते. दुसऱ्याची तक्रार, ओढत का नाही! आणि वरच्या मजल्यावर रडणारं ते एवढंसं पोर दोघांच्याही हिशेबात नव्हतं.

आईनं दोघांच्याही कपबश्या विसळून ठेवल्या. मी मात्र रात्री जेवले नाही. सुरेशनं उद्या दारच उघडलं नाही तर, असं मी तिला विचारलं. "मग बादली दारात ठेवून येईन," ती म्हणाली, आणि माझं ताट झाकून ठेवलं.

सुरेशनं दार उघडलं. मान खाली घालून का होईना, पण उघडलं.

बाळ सव्वा महिन्याचं झालं तेव्हा बारसं झालं. तोवर बाळानं चांगलंच बाळसं धरलं होतं. नातवाचं कळल्यावर सासूचा राग गळाला आणि ती गावाहून आली. सगळी बिल्डिंग घुगऱ्या खायला हजर, सेक्रेटरी सर्वांत पुढे.

आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, उगाच कुणाला खुपायला नको म्हणून. सासूनं तिचा हात धरून तिला पाळण्यापाशी आणलं आणि पाळणा म्हणायचा हट्टच धरला.

आता आईला पाळणा येत होता एकच. नगरच्या चर्चमधे नाताळात बाळ येशूसाठी म्हणतात तो! पण तोच जो जो रे, चालही तीच. दोन कडवी गोठ्यातल्या बाळाची आणि जागणाऱ्या आईची झाली. बायका माना डोलवत साथ देत होत्या.

तिसऱ्या कडव्यात नाव आलं... आणि आईला एकदम भान आलं. ती थांबली.

सेक्रेटरी 'बघा, मी म्हणत नव्हतो?' अशा नजरेनं सगळ्यांकडे बघत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला आईचाच राग आला. महिनाभर अवाक्षर काढलं नाही, आणि आता भर बारशात?

"का थांबलाव?" सासूनं विचारलं.

"यात आमच्या देवाचं नाव येतं," आई कशीबशी म्हणाली.

"मंग? त्येला पन कुनीतरी न्हाऊ घातलाच आसंल. म्हना पुढं."

आईनं सगळा पाळणा म्हटला. जो जो रे म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज सेक्रेटरींच्या बायकोचा होता. सेक्रेटरी घुगऱ्यांची वाटी घेऊन गॅलरीत गेले.

चर्चच्या काकांना मी हे कधीच सांगितलं नाही. ते म्हणाले असते, बघा, झाला की नाही प्रचार! सेक्रेटरीही तेच म्हणाले असते, फक्त दातओठ खाऊन. आईनं मात्र तोवर बारशाची भांडी घासायला घेतली होती.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दोघांवर मी अजून चिडते, चिडणं सोपं आहे. पण आज माझ्या बिल्डिंगमधे कुणाच्या घरी बाळंतीण आहे, हे मला ठाऊकसुद्धा नाही...