साडूभाऊंच्या पँटीला घातलेला टाका

राग धरायचाच असेल तर बियाण्यासारखा धरावा. पाखडावा, निवडावा, कडक उन्हात वाळवावा आणि मग बांधून ठेवावा. ओला राग घाईघाईत पेरला की कुजतो. मी बियाण्याच्या प्लांटवर नोकरी करतो, म्हणून एवढं तरी मला कळतं. साडूभाऊंवरचा राग मी अशाच बेताने ठेवला होता आणि तो उगवलाही. कसा उगवला ते सांगतो.

माझ्याजवळ एक खाकी पिशवी असते. घरात तिला ‘दवाखाना’ म्हणतात. तिच्यात चाकू, पक्कड, टेस्टर, अडकित्ता, काडीपेटी, अर्धी मेणबत्ती, पोती शिवायचं दाभण आणि आमच्या प्लांटवर थैल्या शिवतात त्या पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. शिवाय एका डबीत लाल तिखट, कारण जालना सोडलं की लोक भाजी नुसती उकडून खातात असं माझं ठाम मत आहे. एमआयडीसीत मोटारसायकलने जाणाऱ्या माणसाला रोज काहीतरी लागतंच. कुणाची केबल तुटते, कुणाच्या टेम्पोची ताडपत्री फाटते. मी पिशवी उघडली की लोक माझ्याकडे जरा आदराने बघतात. पिशवी सोडली तर माझ्याकडे आदराने बघावं असं फारसं काही नाही, हे आता पन्नाशीला आल्यावर मला मान्य आहे.

तर, मेव्हण्याच्या मुलाचं लग्न बंगळूरूला ठरलं. जाणारे आम्ही चौघं. मी, बायको, तिची थोरली बहीण आणि बहिणीचा नवरा, म्हणजे माझे साडू. साडूभाऊ मूळचे कुंभार पिंपळगावचे. वडिलांची अडत होती, सगळं बालपण पोत्यांवर उड्या मारण्यात गेलं. पण आता ते पुण्यात कंपनीत मोठ्या जागेवर आहेत आणि विमानात बसणं त्यांना आपल्या एसटीइतकं सवयीचं झालं आहे. चौघांची तिकिटं त्यांनीच काढली. चौघांचे पासही त्यांच्याच मोबाइलमध्ये. पास ते कुणाला पाठवत नाहीत. आपण पुढे, बाकीचे मागे, हा मान त्यांना आवडतो.

माझी विमानाची पहिलीच खेप. निघायच्या आधी बायको म्हणाली, “अहो, ती पिशवी मोठ्या बॅगेत टाका. वर नेऊ देत न्हाईत म्हणं.”

“अन् बॅगच हरवली तर? अडचण वर येनार अन् पिशवी खाली पोटात. काय कामाची मंग?”

“वर कोन्ती अडचण येनारंय? चेन उतरनारंय का इमानाची?”

मी ऐकलं नाही. पिशवी खांद्यालाच ठेवली.

पुण्याच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. मग थोडा मागे आला, परत पुढे गेला. पडद्याकडे बघणाऱ्या माणसाने दुसऱ्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. आयुष्यात माझ्या सामानाकडे इतक्या लोकांनी इतकं लक्ष देऊन कधी बघितलं नव्हतं. मग वर्दीतल्या अधिकाऱ्याने एकेक वस्तू काढून ट्रेमध्ये मांडली. मागे रांग थांबलेली. दाभण उचलून त्याने विचारलं, “ये क्या है?”

“दाभण साब. बोरी सीने का.”

“बोरी लेके जा रहे हो?”

“नहीं साब. पर मिल गई तो.”

रांगेत हसू फुटलं. अधिकारी मात्र हसला नाही. “साथ में कौन है?” त्याने विचारलं.

मी बोट दाखवलं. साडूभाऊ पलीकडे उभं राहून कमरेचा पट्टा लावत होते. अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, “ये आपके साथ हैं?”

साडूभाऊंनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. सावकाश बघितलं, म्हणजे न ओळखल्याचं नाटक घाईत झालं असंही मला म्हणता येत नाही. मग म्हणाले, “नहीं. हमारे साथ नहीं हैं.” आणि पट्ट्याचं बक्कल लावून चालते झाले.

माझा दवाखाना तिथेच रिकामा झाला. दोऱ्याचं रीळ तेवढं अधिकाऱ्याने परत दिलं. “धागा ले जाओ,” म्हणाला. चांगला माणूस. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने त्याचं काम केलं.

विमानात साडूभाऊ माझ्याच शेजारी. मी म्हणालो, “साडूभाऊ, न्हाई म्हणले तुम्ही.”

“अहो, नाहीतर दोघंही अडकलो असतो. जरा प्रॅक्टिकल व्हा.” आणि त्यांनी मोफतचं मासिक उघडलं.

खिडकीबाहेर ढग होते. पहिल्यांदा वरून ढग बघणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे बघायला पाहिजे. मी साडूभाऊंच्या कानाच्या पाळीकडे बघत होतो. मला पैसा नको होता, माफी नको होती. मला एवढंच पाहिजे होतं की एकदा, चार लोकांत, या माणसाला माझी गरज पडावी, आणि कुणीतरी मला विचारावं, हे तुमच्यासोबत आहेत का. उत्तर माझं तिथेच पाठ झालं.

बंगळूरूला पोचल्यावर साडूभाऊंनी लग्नघरात तो प्रसंग करून दाखवला. ताटाचा ट्रे केला, चमच्याचं दाभण केलं. ‘पर मिल गई तो’ हे वाक्य ते माझ्यापेक्षा चांगलं म्हणत होते. फक्त त्यांच्या तोंडचं वाक्य काही त्या नाटकात येत नव्हतं. सगळे पोट धरून हसले. बायकोही हसली. मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, वाटलं.

लग्नाच्या दिवशी साडूभाऊंनी मोतिया रंगाची पँट आणि त्याच कापडाचं बिनबाह्यांचं जॅकेट घातलं होतं. अंतरपाट धरायचा मान त्यांचा. लग्न लावून तिथूनच विमानतळ गाठायचा होता, म्हणून बॅगा बाहेर गाडीत भरून ठेवल्या होत्या. मुहूर्ताला थोडाच अवकाश असताना साडूभाऊ माझ्याकडे आले. तिरके चालत आले, पाठ भिंतीकडे ठेवून.

“साडूभाऊ, जरा इकडं या.”

“काय झालं?”

“पाहुन्याचं पोरगं उचलाया वाकलो अन् पँट उसवली. मागून. पार खालपर्यंत.” अडचणीत सापडलं की त्यांची भाषा पुण्याहून तडक गावाला परत येते. “हिला सांगू नका. ही सगळ्या मांडवाला सांगत फिरंल. तो दोरा हाये ना तुमच्याजवळ?”

“दोरा हाये. दाभण कुठंय? ते काढून घेतलं ना.”

त्यांनी भिंतीला पाठ आणखी दाबली. मला त्यांची ती अडचण बासुंदीसारखी लागली. वाटी संपू नये असं वाटत होतं. शेवटी मीच गाडीकडे गेलो आणि बायकोच्या बॅगेतून वाकळ शिवायची मोठी सुई काढून आणली.

साडूभाऊ संडासाचं दार लावून आत उभे राहिले आणि दारावरून पँट माझ्याकडे टाकली. मी बादली पालथी घालून बसलो. बाहेर सनई, आत मी आणि ती मोतिया पँट. माणसाची पँट आपल्या हातात आली की त्याचं सगळं वजनच आपल्या हातात येतं.

आमच्याकडे थैलीचं तोंड शिवतात तो टाका साखळीचा असतो. एका टाक्याच्या फासातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. आडवं कितीही ओढा, पोतं फाटेल पण शिवण हलणार नाही. पण शेवटचं टोक मोकळं असेल आणि ते धरून ओढलं, की अख्खी शिवण सर्रकन मोकळी होते. शेतकऱ्याला थैली उघडायला बरं पडावं म्हणून ती सोय. मशीन घालतं तो टाका मला हाताने येतो. मी खालून सुरुवात केली, वर कमरेच्या पट्टीशी आलो, आणि गाठ मारली नाही. टोक बोटभर बाहेर सोडलं. जॅकेटखाली झाकून जाईल एवढं.

“झालं का?” आतून आवाज आला.

“झालं. एकदम बराबर.”

“मजबूत हाये ना?”

“बिलकुल. पोत्यात दगड भरा.”

मंगलाष्टकं सुरू झाली. साडूभाऊंनी दोन्ही हात वर करून अंतरपाट धरला. हात वर गेले तसं जॅकेटही वर गेलं, आणि माझा बोटभर दोरा मांडवाच्या उजेडात लोंबायला लागला. मी त्यांच्या मागेच उभा होतो. एका मुठीत अक्षता, दुसरा हात मोकळा. हा माणूस आता हात खाली घेऊ शकत नव्हता. मागे वळूही शकत नव्हता. समोर नवरदेव-नवरी, मागे सगळा मांडव, चहूकडे मोबाइल वर करून उभे असलेले पाहुणे. गुरुजी दर कडव्याला ‘सावधान’ म्हणत होते. पण ज्याला म्हणायला पाहिजे होतं त्याला काही म्हणत नव्हते.

शेवटचं कडवं आलं. मी चिमटीत टोक धरलं.

साडूभाऊ मान न वळवता, ओठसुद्धा फारसे न हलवता बोलले. “ओढा साडूभाऊ. दोरा आतून पिनंत अडकवलाय म्या, टोक तेवढं बाहेर सोडलंय.”

मी टोक सोडलं नाही, पण ओढलंही नाही.

“बापाची अडत होती माझ्या. इसरले का? थैलीचा टाका मला शिकवता.”

तेवढ्यात ‘सावधान’ झालं, अंतरपाट निघाला आणि सगळ्या मांडवाने अक्षता टाकल्या. मी माझ्या मुठीतल्या साडूभाऊंच्या मानेवर टाकल्या. जरा जोरात टाकल्या. त्यापलीकडे त्या क्षणी माझ्या हातात काही उरलं नव्हतं. जेवताना त्यांनी मला आग्रहाने जिलेबी वाढली आणि जिलेबी वाढताना हसले. शिवलं मी, त्याचंही श्रेय गेलं. सूड घ्यायला गेलो, तोही त्यांनी साडीच्या एका पिनेवर लटकवून ठेवला. राग पुन्हा उन्हात घालावा लागला.

संध्याकाळी विमानतळावर साडूभाऊ त्याच पँट-जॅकेटमध्ये. प्रवासात कपडे चांगले असले की लोक नीट वागतात, असं ते सांगतात. बायका त्यांच्या वेगळ्या रांगेत गेल्या. आमच्या रांगेत या वेळी मी आधी. माझ्याजवळ एक रुमाल आणि ओळखपत्र. पट्टा थांबला नाही, कुणी कुणाला बोलावलं नाही. मी पलीकडे जाऊन वहाणा घालत होतो, तेवढ्यात मागे यंत्र किंचाळलं.

साडूभाऊ त्या छोट्या चौथऱ्यावर हात पसरून उभे होते. तपासणाऱ्या जवानाच्या हातातलं यंत्र त्यांच्या कमरेमागे नेलं की कुंई करत होतं.

“ये क्या है पीछे?”

“पिन है. पँट सिली है.”

“किसने सिली?”

साडूभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “उन्होंने. साथ में हैं हमारे.”

जवानाने माझ्याकडे बघितलं. “आपके साथ हैं?”

माणसाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. मी वहाणा पायात नीट सरकवल्या. साडूभाऊंकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश. मग म्हणालो, “नहीं साब. कभी देखा नहीं इनको.”

साडूभाऊंचे पसरलेले हात खाली आले. जवानाचा चेहरा बदलला. तो त्यांना पडद्याआड घेऊन गेला. “पिन निकालो,” असं ऐकू आलं. आणि मग तो आवाज. प्लांटवर दिवसभर कानात असतो तो आवाज मी कुठेही ओळखीन. सर्र. पिनेबरोबर दोराही आला होता, खालपर्यंत.

मी थांबलो नाही. पाय जमिनीला लागत नव्हते. आमचं गेट अगदी दुसऱ्या टोकाला होतं. वाटेत एवढी दुकानं, पण मला काही घ्यायचं नव्हतं. जे पाहिजे होतं ते फुकट मिळालं होतं. गेटपाशी बायको आणि मेव्हणी बसल्या होत्या. लोक विमानात चढायच्या रांगेत उभे राहायला लागले होते.

“दाजी कुठंयत?” बायकोने विचारलं.

“मला काय म्हाईत. मी न्हाई वळखत त्यान्ला.”

“वळखत न्हाई ना? मंग चढा इमानात. पास दाखवा अन् चढा.”

पास. चौघांचे पास त्या मोबाइलमध्ये आणि मोबाइल त्या माणसाच्या खिशात. मी तसाच उलटा फिरलो. येताना पाय जमिनीला लागत नव्हते, जाताना चांगलेच लागले.

साडूभाऊ तपासणीच्या पलीकडे एका खांबाला पाठ चिकटवून उभे होते. सोडून दिलं होतं त्यांना. पण खांब सोडायची त्यांची हिंमत नव्हती. ते जॅकेट, ते कसलं काय झाकतंय.

“साडूभाऊ, मोबाइल द्या.”

“न्हाई देत.” ते खालच्या आवाजात म्हणाले. “गेटपर्यंत माझ्या मागं चालायचं. चिकटून चालायचं. मंग देतो.”

“अन् न्हाई चाललो तर?”

“मंग राहू दोघंबी बंगळूरात.”

आम्ही निघालो. ते पुढे, मी मागे, मध्ये बोटभरही जागा नाही. बघणाऱ्याला वाटावं, दोन जिवलग भाऊ आहेत. माझं पोट त्यांच्या पाठीला लागत होतं. आणि ‘जल्दी चला, जल्दी चला’ म्हणत ते अगदी माझ्यावर विसंबून चालले होते.

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानासमोर, जिथे सगळ्यात जास्त माणसं बसली होती, मी थांबलो आणि खाली वाकलो. साडूभाऊ पुढे निघून गेले, मग पाठीमागे वारा लागला तसे गर्रकन फिरले आणि दुकानाच्या काचेला पाठ लावून उभे राहिले.

“आता काय झालं?”

“वहानंचा अंगठा तुटला,” मी म्हणालो. तुटला नव्हता. “दाभण अस्तं तर आत्ता शिवून निघालो अस्तो.”