दाजींचं नऊ पॉइंट दोन

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच. एकदा गाडीत एकटाच असताना मोठ्याने बोलून बघितलं, तर आधी काच वर केली! अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

पण आधी दाजींबद्दल सांगू द्या, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. निफाडकडे वीज खात्यात लाईनमन. अकरावी-बारावी मी त्यांच्याच घरी राहून केली. खांबावर कसं चढावं ते दाजींकडे बघावं — कमरेचा पट्टा एकदा ओढून बघणार, वर नजर टाकणार, आणि घरच्या जिन्यावरून जावं तसे सरसर वर. वादळात तारा तुटल्या की अख्खं गाव त्यांची वाट बघायचं. दिवे आले की लोक चहाला हाका मारायचे, पण हा गडी तोवर पुढच्या खांबाकडे निघालेला. खरं सांगतो, एवढा मोठा माणूस मी जवळून दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या कामाची एक रीत. उपकेंद्रातून फोनवर 'लाईन बंद' असा शब्द आल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही. आणि शब्द आला तरी आधी लांब काठीने तार अर्थ करायची, म्हणजे तारेत चुकून करंट असलाच तर तो जमिनीत जावा, मगच काम. शब्द घ्यायचा, पन तपासायचं बी, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे.

मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. कुठल्या ते राहू द्या. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दाजींच्या वडिलांच्या बोटांना गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यांत साठून होणाऱ्या, गाठी झाल्या होत्या, शेवटी शेवटी त्यांना आमटीची वाटीसुद्धा धरवेना. हे घराण्यात उतरतं असं ताईने कुठूनसं ऐकलं आणि माझ्यामागे धोशा लावला — ह्यांचं युरिक ॲसिड बघ. दाजी तेव्हा ठणठणीत. मी एका रविवारी सकाळी त्यांचं उपाशीपोटी रक्त घेतलं, मग ताईच्या हातचं मटण हाणलं, आणि बर्फाच्या डब्यातून ट्यूब नाशिकला आणली.

आता ऐका. आमच्याकडे स्टाफला तपासण्या फुकट, पण फक्त स्टाफला. त्यामुळे आम्ही सगळेच घरच्यांची रक्तं आपल्या नावावर लावायचो. कुणाची सासू, कुणाचा भाऊ — कागदावर मात्र आम्हीच. मीही ट्यूबवर माझंच नाव घातलं. त्यात काय एवढं?

आकडा आला नऊ पॉइंट दोन. पुरुषाचं सातच्या आत असावं लागतं.

रिपोर्टवर सही करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमनी तो बघितला. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा आणि नऊ पॉइंट दोन? त्यांनी मला बसवलं, स्वतः माझं रक्त घेतलं, लगेच लावलं. चार पॉइंट आठ. मॅडम म्हणाल्या, मशीनने घोळ घातला. जुना रिपोर्ट रद्द केला आणि मशीनवाल्याला बोलावून घेतलं. तो बिचारा दोन तास मशीन उघडून बसला होता. मी त्याला चहा दिला. बोललो काहीच नाही — पुढच्या महिन्यात मला कायम करणार होते.

संध्याकाळी दाजींचा फोन. "काय रं, लाईन क्लिअर?"

"क्लिअर, दाजी," मी म्हणालो. "चार पॉइंट आठ."

का? दाजींना खरं सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये येऊन मॅडमना म्हणाले असते, रक्त माझं, ह्याचं नाव उगं टाकलंय. त्यांना खोटं जमतच नाही. मी त्यांच्या खरेपणाला घाबरलो, दुसरं काही नाही. आणि आयुष्यभर तारेला काठी लावून बघणाऱ्या त्या माणसाने माझा शब्द मात्र तसाच घेतला.

दोन वर्षांनी एका सकाळी त्यांच्या पायाचा अंगठा लालभडक सुजला. चादर लागली तरी सहन होईना. गावच्या डॉक्टरांनी विचारलं, युरिक ॲसिड बघितलंय का? दाजी म्हणाले, मेहुणा लॅबात हाय, नॉर्मल हाय. मग पाय मुरगळलाय असं ठरलं. सहा महिन्यांनी परत. मग घोटा. दर वेळी दुखण्याच्या गोळ्या. ताई मला विचारायची, परत एकदा बघायचं का रे ते? आणि मी म्हणायचो, एकदा नॉर्मल आलंय ना, बुटाचं माप बदला.

अहो, तेव्हा परत तपासलं असतं तर कुणाला संशयही आला नसता! मधल्या काळात वाढलं असेल, म्हणून सगळे गप्प बसले असते. औषध सुरू झालं असतं. इतकं सोपं होतं. पण तो आकडा मला परत बघायचा नव्हता. युरिक ॲसिड वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की त्याचे खडे सांध्यांत बसत जातात, मूत्रपिंडही धरतात — हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवलेत.

दाजी बुटाचं टोक ब्लेडने कापून खांबावर चढत राहिले. तीन वर्षं. गेल्या वर्षी पाय खांबाच्या पट्टीवर टेकेनासा झाला तेव्हा स्वतःच साहेबांकडे गेले आणि म्हणाले, आता मला वर पाठवू नका, माझ्यापायी दुसऱ्याचा जीव जाईल. आता उपकेंद्रात बसून फोन घेतात. त्यातही मन लावून.

मागच्या महिन्यात मीच त्यांना नाशिकला सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचे रिपोर्ट आले होते, मूत्रपिंडावर परिणाम दिसत होता. डॉक्टरांनी अंगठ्याचा एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, हे दोन-चार महिन्यांचं नाही, खूप वर्षं साठलंय. आधी कधी तपासलं नव्हतं?

तपासलं होतं, दाजी म्हणाले, सहा वर्षांमागं, नॉर्मल होतं. डॉक्टर म्हणाले, शक्य आहे, पण मला वाटतं तेव्हा काहीतरी चूक झाली असावी. दाजींनी शेजारी बसलेल्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मशीन चुकलं आसंल, डॉक्टर. ह्यो नाय चुकायचा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.